शिक्का कुठाय तुमचा? सांगली जिल्ह्यातल्या लायसनवाल्या वायरिंग कॉन्ट्रॅक्टरांना खुलं पत्र

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, विटा, जत, जिथं कुठं तुमचं दुकान असेल तिथल्या सगळ्या लायसनवाल्या भावांना रामराम.

परवा शंभर फुटी रोडला चहाच्या गाड्यावर आपल्यातलेच चारपाच जण भेटले आणि विषय निघाला बिगर लायसनच्या पोरांचा. काय ते बोलणं! धंद्याची वाट लावली यांनी, पॉइंटचा रेट पाडला, ना आयटीआय ना परवाना, एक टेस्टर आणि एक पक्कड घेतली की झाले वायरमन, यांना उचलून आत टाकलं पाहिजे, दंड बसवला पाहिजे. मी पण मान हलवत होतो. मग चहा संपता संपता माझ्या डोक्यात आलं की ज्या पोराबद्दल सगळ्यात जास्त बोलणं चाललंय त्या पोरानं गेल्या वर्षी विश्रामबागेकडं जी बिल्डिंग वायरिंग केली तिचा मीटरसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट कुणाच्या सहीनं गेला? तर तो समोर बसून शिव्या घालणाऱ्याच्याच सहीनं. मी तिथं काही बोललो नाही, तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही हे खरंय, म्हणून इथं लिहितोय. आणि दुसऱ्याकडं बोट दाखवायच्या आधी स्वतःचं सांगणार आहे, म्हणजे नंतर कोण म्हणायला नको की मोठा साधू लागून गेला.

तर हे पत्र त्या पोरांना नाही. हे तुम्हाला आहे, आणि मला.

नियम आपल्याला पाठ आहे, निदान असायला पाहिजे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांमध्ये नियम ४५ होता, आपल्या पिढीनं परीक्षेला तोच घोकलाय. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असलं काही बदलायचं सोडलं तर वायरिंगचं कुठलंही काम, नवं असो, वाढीव असो, दुरुस्ती असो, सरकारचं लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनंच करायचं, ते सुद्धा सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनच्या हातून. असं नसेल तर त्या कामाला सप्लाय जोडायचाच नाही. पुढं २०१० ला केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आले, ते बदलून २०२३ ला परत नवे आले, पण या बाबतीत गाभा तोच राहिला. प्रत्यक्ष देखरेख हा शब्द बघा. घरात बसून फोनवर "झालं का रे" विचारणं म्हणजे देखरेख नव्हे, आणि कामाची जागाच न बघता शिक्का मारणं तर कशातच बसत नाही.

आता दंडाचं. २००३ चा विद्युत कायदा झाला तेव्हा त्यात कलम १४६ टाकलं. कायदा किंवा त्याखालचे नियम मोडले तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि चूक चालूच ठेवली तर वर रोजचे ५ हजारांपर्यंत. चहाच्या गाड्यावर हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ते पोरांना लावायचं होतं. पण त्याच वाक्यात पुढं काय आहे ते कुणी वाचलंय का? नियम जो मोडतो तो, मोडायचा प्रयत्न करतो तो, आणि मोडायला साथ देतो तो. साथ देतो तो! पाचशे रुपये घेऊन टेस्ट रिपोर्टवर सही ठोकणारा कशात येतो सांगा. पोराकडं लायसन नाही म्हणून तो गुन्हेगार, आणि आपल्याकडं आहे आणि ते आपण भाड्यानं लावलंय म्हणून आपण कोण, सभ्य गृहस्थ?

ऐका आता माझी कहाणी.

सन सांगत नाही, गाव सांगत नाही, बिल्डरचं नाव तर नाहीच नाही. १२ फ्लॅटची बिल्डिंग होती. माझं लायसन तेव्हा बरंच जुनं झालेलं, ज्याला लोक अजूनही पीडब्ल्यूडी लायसन म्हणतात ते, आणि काम मंद होतं. पावसाळ्यात आपल्याकडं बांधकामं थंडावतात, पोरीची कॉलेजची फी भरायची होती. बिल्डरचा माणूस आला, म्हणाला काका वायरिंग आमच्याच पोरांनी केलंय, चांगलं केलंय, फक्त मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो, फ्लॅटमागे पाचशे देतो. बारा पंचे साठ, सहा हजार. सही करायला किती वेळ लागला असेल? चहा निवायच्या आत झाल्या बाराही. वर तो म्हणाला काका शिक्का आमच्याकडंच ठेवा की, पुढच्या विंगला परत तुम्हाला कशाला हेलपाटा. ठेवला. मला त्यात सोय वाटली, एवढा मी शहाणा.

दीड वर्षानं एका रात्री फोन. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या बाईला वॉशिंग मशीनचा शॉक बसला, भिंतीवर फेकली गेली, हात भाजला, मिरजेला नेलीय. जगली. आधीच सांगून टाकतो, जगली ती, पण दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं आणि तुम्ही ऐकलं की लगेच कळेल तुम्हाला, कारण हे आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं बघितलंय. अर्थिंगचा खड्डा मारलाच नव्हता. बिल्डिंगच्या कोपऱ्यात एक पाइप रोवलेला, वर सिमेंटची चौकट करून झाकण, रंग पण मारलेला हिरवा, बघणाऱ्याला वाटावं काय झकास अर्थिंग आहे, पण खाली ना कोळसा ना मीठ, आणि त्या पाइपपासून वर जाणारी पट्टी पहिल्या मजल्यावरच संपलेली. मग सॉकेटला अर्थ कुठनं द्यायचा? तर पोरांनी प्रत्येक सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थच्या पिनला वायरचा एक तुकडा मारून दिला. टेस्ट लॅम्प लावला की लागतोय, गिऱ्हाईक खूष. असं केल्यावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, टिकणार कसा, लोड लावला की सारखा पडायला लागला, म्हणून तो बायपास केला. आणि एक दिवस मीटर रूममधली न्यूट्रल ढिली झाली. न्यूट्रल सुटली की जोडून दिलेल्या त्या तुकड्यातनं फेज सरळ मशीनच्या बॉडीवर. २३० व्होल्ट, ओले हात, ओली फरशी. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी जागेवर असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडला असता, पण तो तिथं नुसता शोभेला बसलेला.

ज्या पोरानं ते केलं त्याला हे माहीतच नव्हतं. खरंच नव्हतं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की अर्थ आणि न्यूट्रल जोडली तर काय होतं. मला माहीत होतं. सही माझी होती.

तर फोन बिल्डरचा. म्हणाला उद्या विद्युत इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत चौकशीला, काळजी करू नका, आज रात्रीत पोरं लावून सगळे बोर्ड बदलून घेतो, आरसीसीबी नवा टाकतो, तुम्ही फक्त सकाळी येऊन मेगरचे रीडिंग लिहून द्या जुन्या तारखेनं. आणि भावांनो मी गेलो. गेलो की. मेगर म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, आणि सकाळी नऊ वाजता साईट ऑफिसात बसून मी १२ फ्लॅटचे इन्सुलेशनचे आकडे मनानं लिहिले. एकाला २० मेगाओहम, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला १८.५, सगळे सारखे लिहिले तर खोटे वाटतील म्हणून वेगवेगळे. तो पॉइंट पाच लिहिताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे पण कबूल करतो.

साहेब आले. फार बोलणारा माणूस नव्हता. बोर्ड बघितले, स्क्रू चकचकीत, आणि भिंतीवर जुन्या बोर्डाच्या आकाराचा धुरकट चौकोन नव्या बोर्डाच्या बाहेर डोकावतोय. तो चौकोन त्यांनी बोटानं हळूच पुसला, बोट बघितलं, रुमालाला पुसलं. मग माझा कागद घेतला आणि विचारलं मेगर कुठला वापरला? मी म्हणालो माझाच आहे. कधी घेतले रीडिंग? मी तारीख सांगितली. आता गंमत बघा, त्या तारखेला माझा मेगर दुरुस्तीला पुण्याला गेला होता आणि त्याची पावती माझ्याच पाकिटात होती, ती मला तिथं उभं राहिल्यावर आठवली आणि पाकीट मागच्या खिशात एकदम जड लागायला लागलं. पण साहेबांनी मेगरवर नेटच धरला नाही. त्यांनी साधं विचारलं, मीटर रूम कुठल्या अंगाला आहे हो?

मला माहीत नव्हतं. मी त्या बिल्डिंगीत आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी पाय ठेवला होता, तो पण साईट ऑफिसापर्यंत. म्हणालो, मागं. ती पुढं होती, जिन्याखाली, आम्ही उभे होतो तिथनं दहा पावलावर.

ते हसले नाहीत, ओरडले पण नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं, बस्स. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

पुढं लेखी खुलासा मागितला, मुंबईला हेलपाटे झाले, लायसन काही महिने लटकलं, कुपवाड एमआयडीसीतलं एक चांगलं काम हातचं गेलं. स्वस्तात सुटलो असंच म्हणतो मी. ती बाई गेली असती तर हलगर्जीपणानं मृत्यूचं कलम लागलं असतं, तेव्हा त्याला २ वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता भारतीय न्याय संहितेत कलम १०६ ला ती ५ वर्षांपर्यंत गेलीय.

पण मला बोलायचंय ते त्या रात्रीबद्दल, आणि सकाळच्या त्या कागदाबद्दल. कारण टेस्ट रिपोर्टवर खोटी सही करणं ही एक चूक, आणि अपघात झाल्यावर चौकशीला आडवं येणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि आपल्या धंद्यात याला कुणी गुन्हा समजतच नाही. आपण म्हणतो "सांभाळून घेतलं". अमक्याचं प्रकरण सांभाळून घेतलं, तमक्याच्या बिल्डिंगीत साहेब यायच्या आत सगळं नीट करून ठेवलं. नीट केलं नाही हो, पुसलं. मळ्यातल्या पंपाच्या स्टार्टरला माणूस चिकटला की पहिलं काम काय करतात, तर तो स्टार्टर पेटी उचलून घरात नेऊन ठेवतात, तुटकी वायर गुंडाळून फेकतात, आणि मग पंचनामा. द्राक्षबागेत, नदीकाठच्या मोटरीवर, मांडवात, हेच. आणि हे सुचवतं कोण, तर बऱ्याचदा आपल्यासारखाच एखादा जाणकार, कारण काय उचलायचं हे अडाण्याला कुठं कळतंय.

विद्युत कायद्याचं कलम १६१ काढून वाचा एकदा, माझ्यासारखं उशिरा वाचू नका. विजेनं माणूस किंवा जनावर मेलं, जखमी झालं, किंवा होण्यासारखी स्थिती आली तर इन्स्पेक्टरला कळवायचं आहे, आणि त्याची मुदत नियमांत ठरलीय, जीव गेला असेल तर २४ तास, आपल्या सवडीवर नाही. चौकशी करणाऱ्या इन्स्पेक्टरला साक्षीदार बोलावायला आणि कागद, वस्तू हजर करायला लावायला दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिलेत. म्हणजे जिन्याखाली उभा राहून मीटर रूम विचारणारा तो माणूस नुसता सरकारी साहेब नव्हता, त्या वेळेपुरता तो कोर्टाच्या जागी होता आणि मी त्याला बनवलेले आकडे दिले. सरकारी माणसाला त्याच्या कामात अडवलं तर न्याय संहितेचं कलम २२१ आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड. खोटी माहिती देऊन सरकारी माणसाला चुकीच्या वाटेनं पाठवलं तर २१७, त्यात १ वर्षापर्यंत. पुरावा गायब केला, गुन्हेगाराला वाचवायला, तर २३८, आणि त्याची शिक्षा मूळ गुन्हा केवढा मोठा त्यावर वाढत जाते. वकील मित्रानं मला हे सगळं एका कागदावर लिहून दिलं होतं आणि शेवटी तोच म्हणाला, तुझी सहा हजारांची सही केवढ्याला पडली असती बघ.

आता कुणी म्हणेल, काका ही कलमं कागदावर असतात, कुणाला लागलेली बघितलीत का? बरोबर आहे. १४६ खाली कुणाला जेल झालेली माझ्या ओळखीत नाही. पण का नाही याचा विचार करा. या कायद्यात इन्स्पेक्टरला स्वतः कोर्टात तक्रार करता येते, पण तक्रार करायला हातात काहीतरी लागतं ना. जळका बोर्ड लागतो, तो तुकडा मारलेला सॉकेट लागतो, बायपास केलेला आरसीसीबी लागतो, काम कुणी केलं ते सांगणारा एक माणूस लागतो. ते सगळं आपण रातोरात बदलतो आणि वर "मीच केलंय काम, माझ्या देखरेखीखाली" असं लिहून देतो. मग खरं काम करणारा सुटतो, करवून घेणारा बिल्डर सुटतो, आणि आपल्यावर काही सिद्ध होत नाही म्हणून आपण पण सुटतो, आणि कागदावर ती चूक त्या बाईचीच राहते, ओल्या हातानं मशीनला हात का लावला.

देशात दरवर्षी दहा हजारांच्या वर माणसं शॉकनं मरतात. त्यातली किती खोट्या टेस्ट रिपोर्टच्या छताखाली मेली ते कुठल्या तक्त्यात येणार, आपणच तो रकाना कोरा ठेवलाय.

माझा भाचा अमेरिकेत असतो, कॅलिफोर्नियात. गेल्या दिवाळीला आला होता, भडंग खात खात त्याला मी ही कहाणी सांगितली तर तो म्हणाला मामा, तिकडं लायसन दुसऱ्याला वापरायला देणं हाच वेगळा गुन्हा आहे. मला पटेना, मग त्यानं मोबाईलवर सगळं काढून दाखवलं, आणि बराच वेळ मी तेच वाचत बसलो. तिकडं कॉन्ट्रॅक्टरांच्या लायसनचं एक राज्य मंडळच आहे, १९२९ पासूनचं, आणि ते नुसतं वीजवाल्यांचं नाही, गवंडी, प्लंबर, रंगारी, छतवाले, सगळे त्यात. बिगर लायसन काम घेतलं तर पहिल्या वेळेला ६ महिन्यांपर्यंत जेल आणि ५ हजार डॉलरपर्यंत दंड, दुसऱ्या वेळेला सापडला तर साधारण ९० दिवस तरी आत जायचंच. लायसनवाल्यानं आपलं लायसन बिगर लायसनवाल्याला वापरू दिलं तर त्याच्यावर कारवाई, आणि तक्रारीच्या चौकशीत मंडळानं लेखी विचारल्यावर उत्तरच दिलं नाही तर तेवढ्यावर पण कारवाई. म्हणजे गप्प बसणं पण चालत नाही. मंडळाची माणसं कधी कधी घरमालक बनून एखाद्या घरात बसतात आणि कामाचे भाव मागवतात, बिगर लायसनवाला आला की अलगद जाळ्यात.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. तिकडं बिगर लायसनवाल्याला कामाचे पैसे मागायला कोर्टात जाताच येत नाही, काम कितीही चांगलं केलेलं असो. उलट गिऱ्हाईक दिलेले सगळे पैसे परत मागू शकतं. इथं असलं काही झालं तर निम्म्या सांगलीतली वायरिंग फुकटात होऊन बसेल, आणि तेच नको व्हायला, कारण फुकट राबणार कोण तर ती पोरंच. त्यामुळं तिकडचं सगळं उचलून इकडं लावा असं मी म्हणत नाही. तिकडची मजुरी वेगळी, तिकडं लायसन काढायची वाट वेगळी. पण लायसन भाड्यानं देणाऱ्याला नाव घेऊन धरायचं, एवढं तरी शिकण्यासारखं आहे.

या पोरांबद्दल अजून थोडं बोलतो, कारण त्यांना शिव्या द्यायची सवय आपल्याला फार झालीय. २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ वर. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, पाणी उतरलं तेव्हा घराघरात बोर्डात चिखल, पाइपात गाळ, मेगर लावला की काटा शून्यावर झोपलेला. तेव्हा सोळा सोळा तास कोण राबत होतं? हीच पोरं. आपल्यातले काही होते, नाही म्हणत नाही, पण बरेचसे आपण "आधी मटेरियलचे पैसे" म्हणून दुकानात बसलो होतो. मी एका पोराला बघितलं, बोर्ड काढून बादलीत धुतोय, उन्हात वाळवतोय आणि संध्याकाळी परत बसवतोय. त्याला म्हटलं अरे हे स्विच गेले, गाळ आत बसलाय, टाकून दे, आणि पाइपातल्या वायरी ओढून बघ आधी. तर म्हणतो काका मालकाकडं नव्या बोर्डाला पैसे नाहीत आणि म्हातारीला अंधारात दिसत नाही. काय सांगणार त्याला? दोन दिवस त्याच्याबरोबर राहिलो, मेगर कसा धरायचा, एका मेगाओहमच्या खाली आला तर सप्लाय का सोडायचा नाही ते दाखवलं. एका संध्याकाळी शिकला पोरगा. आयटीआयला तारतंत्रीला, म्हणजे वायरमनच्या कोर्सला, दोन वर्षं घालवून आलेल्या काही पोरांना मी मेगर उलटा धरताना बघितलंय. पुढं मी त्याला परीक्षेला बसवला, आज त्याचा स्वतःचा परवाना आहे आणि गंमत म्हणजे तो कुणाच्या कागदावर सही करत नाही, माझ्या पण नाही. एकदा मी गडबडीत मागितली तर म्हणाला काका आधी साईट दाखवा. असा राग आला होता!

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझेच होते. मी नाही दिली सही तर दुसरा देतो. देऊ दे की, त्याची बोटं त्याच्याजवळ. पोट कसं भरायचं, पाचशे कुठं जास्त आहेत? तर सही विकून पाचशे मिळतात म्हणूनच बिल्डर आपल्याला कामाचे पैसे देत नाही, हे कधी लक्षात आलंय का? त्याला आपल्याकडनं काम नकोच आहे, त्याला फक्त आपलं नाव पाहिजे, आणि नाव आपण भडंगच्या पुडीच्या भावात दिलंय. रेट पोरांनी पाडला म्हणता, पोराच्या कामाला मीटर मिळालंच नसतं तर त्यानं रेट पाडला असता का? मीटर मिळवून दिलं कुणी?

म्हणून मी काय म्हणतो, उद्यापासून जी जागा डोळ्यानं बघितली नाही तिच्यावर सही नको. मेगर आणि अर्थ टेस्टर स्वतः लावल्याशिवाय आकडा नको, आणि आकडा वाईट आला तर वाईटच लिहायचा. एक साधी वही ठेवा, किराणा दुकानातली सुद्धा चालेल, तारीख, पत्ता, काम कुठल्या वायरमननं केलं, त्याचा परवाना नंबर, रीडिंग. मी त्या प्रकरणानंतर ठेवायला लागलो, आता चौथी वही चालू आहे. आणि अपघात झालाच, होऊ नये पण झालाच, तर मेन बंद करायचा, माणसाला दवाखान्यात न्यायचं, आणि त्यानंतर त्या जागेला हात लावायचा नाही. एक स्क्रू सुद्धा नाही. बिल्डरचा फोन आला तर त्याला सांगा काका म्हातारे झालेत, त्यांना रात्रीचं दिसत नाही. चौकशीत जे केलं नाही ते केलं म्हणू नका, ज्यानं केलं त्याचं नाव सांगा. पोराचं नाव सांगायला जीव तुटतो हे मला कळतंय, पण पोराला कामाला कुणी लावलं त्याचं नाव पण त्याच दमात सांगा, ते सांगायला आपली जीभ अडते.

ज्यांच्या हाताखाली बिगर परवान्याची चांगली पोरं आहेत त्यांनी ती माझ्याकडं पाठवा. रविवारी सकाळी दहा ते एक मी दुकानात असतो, गिऱ्हाईक नसतं, फळ्यावर शिकवतो, फी नाही, चहा ज्यानं त्यानं आपापला. सध्या तिघं येतात. एकाला गणित येत नाही पण अर्थिंगच्या खड्ड्याचं काम असं करतो की बघत राहावं.

आता शिक्क्याचं राहिलंच. त्या प्रकरणानंतर मी माझा शिक्का परत आणायला बिल्डरच्या ऑफिसात गेलो होतो. साहेब बाहेर गेलेले, टेबलावरच्या पोरानं ड्रॉवर उघडला आणि म्हणाला काका यातला तुमचा कुठला बघून घ्या. माझ्याशिवाय अजून चार शिक्के होते आत, एकाला तर नवा शाईचा पॅड पण जोडून ठेवलेला. नावं मी वाचली, चारही. कुणाला सांगितली नाहीत, इथं पण लिहीत नाही. ऑफिस अजून तिथंच आहे, सकाळी साडेदहाला उघडतं.

तुमचाच एक लायसनवाला,
विश्रामबाग, सांगली